वाचकांचे प्रश्न : जवानाच्या कमरेचा सुटकेचा दोर

प्रश्न : मी विदर्भातील एका नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात फायरमन आहे. आमच्या केंद्राला नुकतेच वैयक्तिक सुटकेचे संच मिळाले असून, प्रत्येक संचाच्या पिशवीत हुक लावलेला बारीक दोर, उतरण्याचे उपकरण आणि कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) आहे. इतका बारीक दोर बीए सेटसह (पाठीवरच्या श्वसनयंत्रासह) जवानाचे वजन पेलेल का? आणि खिडकीतून उतरण्याची वेळ आलीच, तर संच कसा वापरावा?

उत्तर : दोर वजन पेलेल, त्याबद्दल निःशंक असावे. अशा दोरासाठी एनएफपीए 1983 या अमेरिकी मानकाने 7.5 ते 9.5 मिलिमीटर जाडी आणि किमान 13.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 1,375 किलो वजनाइतका ताण सोसण्याची क्षमता ठरवून दिली होती. आपल्या संचावर त्या किंवा तोडीच्या मानकाची खूण आहे का, एवढे पाहून घ्यावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न धाग्याचा आहे. नायलॉन त्याच्या प्रकारानुसार 215 ते 260 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. अरामिड हा उष्णतारोधक कृत्रिम धागा वितळत नाही, सुमारे 500 अंशांना करपू लागतो. संपूर्ण खोली एकदम पेटते तेव्हा छताजवळचे तापमान याच्याही वर गेलेले असते. म्हणून अरामिडचा दोर असला तरी तो आपल्याला थोडाच वेळ मिळवून देतो, हे गृहीत धरूनच वागावे.

या संचांची गरज किती खरी आहे, हे न्यू यॉर्कमध्ये 23 जानेवारी 2005 रोजी दिसले. ब्रॉन्क्स भागातील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सहा जवान आगीच्या तावडीत सापडले. घरात बेकायदा पार्टिशन घालून खोल्या पाडलेल्या असल्यामुळे सुटकेच्या जिन्याकडे जाण्याची वाट अडली होती. दलाने पूर्वी दिलेले वैयक्तिक दोर काही वर्षांआधी परत घेतले होते. एका जवानाने स्वतःच्या पैशाने घेतलेला दोर तेवढा जवळ होता, आणि त्याच्या आधाराने दोघांनी उतरण्याचा प्रयत्न केला. सहाही जण खाली आदळले. दोघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला आणि उरलेले गंभीर जखमी झाले. त्यानंतर त्या दलाने आपल्या जवानांना हुक आणि उतरण्याचे उपकरण असलेले संच दिले, आणि 2007 साली न्यू यॉर्क राज्याने इतर दलांसाठीही याविषयी कायदा केला. आपल्याकडील चाळींतून आणि जुन्या वाड्यांतून पोटभाडेकरूंसाठी घातलेली प्लायवुडची पार्टिशने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही घटना परकी वाटू नये.

आता वापराविषयी. जिन्याची वाट तुटली आहे हे कळताच आधी आपल्या आणि आगीच्या मधले दार लोटून घ्यावे, कारण साधे लाकडी दारही मोलाची मिनिटे देते. लगेच वॉकी-टॉकीवरून आपला मजला, इमारतीची बाजू आणि खिडकी कळवावी, म्हणजे खालचे सहकारी तिथे शिडी लावू शकतील. शिडी वेळेत येत असेल तर शिडीनेच उतरावे. दोर हा शेवटचा मार्ग आहे.

हुक कशाला अडकवायचा, यावर पुढचे सारे अवलंबून असते. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची पट्टी हा आधार नव्हे, ती वजन पडताच उखडून येते. खिडकीखालच्या पक्क्या भिंतीची आतली कड हुकासाठी चांगली. पाण्याचा जाड लोखंडी पाइप भिंतीत घट्ट असेल तर तोही चालतो. आपल्या शहरांत आणखी एक अडचण असते ती खिडकीच्या ग्रिलची. ग्रिलचा उघडणारा भाग कुठे आहे, त्याला कुलूप आहे का आणि कटर कोणाकडे आहे, हे खोलीत शिरतानाच हेरून ठेवावे.

हुक बसल्यावर दोरावरचा ताण क्षणभरही सैल पडू देऊ नये, कारण सैल पडलेला हुक कडेवरून निसटतो. म्हणूनच खिडकीत उभे राहू नये. पोट आणि छाती कठड्याला घासत, आडवे होऊन, अंग हळूहळू बाहेर सोडावे. त्यामुळे वरून वाहणारा धूर आणि उष्णता यांपासूनही बचाव होतो. उपकरणाचा खटका किती दाबला म्हणजे दोर सुटतो आणि घाबरून पूर्ण दाबला तर काय होते, हे प्रत्येक बनावटीत वेगळे असते. ते उत्पादकाच्या पुस्तिकेतून वाचावे आणि हाताने अनुभवावे.

माझे ठाम मत आहे की हातमोजे घालून आणि मास्कची काच झाकून हुक लावण्याची कवायत नियमित होत नसेल, तर असा संच मिळाल्याचे समाधान मानू नये. कवायतीसाठी वेगळा दोर ठेवावा, सुरुवात जमिनीलगतच्या खिडकीपासून करावी आणि उंचीवरच्या प्रत्येक सरावात जवानाला दुसरा सुरक्षा दोर बांधलेला असावा.

प्रश्न : रायगड जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्याच्या अग्निशमन विभागात साहित्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. हे दोर बंबाच्या कप्प्यात ठेवतो. ते धुवावेत का आणि बाद कधी करावेत?

उत्तर : आपल्या ठिकाणी पहिला धोका कप्प्याचाच आहे. बॅटरीचे आम्ल, ब्लीच, डिझेल यांच्या सहवासात दोर ठेवू नये. आम्लाच्या वाफेनेही धागा कमजोर होतो आणि वरून काहीच दिसत नाही. अरामिडला उन्हाचेही वावडे आहे, त्यामुळे तो पिशवीबाहेर पडून राहता कामा नये.

दोर मळला असेल तर थंड पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत पसरून वाळवावा. कोकणच्या पावसाळ्यात वरचे आवरण कोरडे लागले तरी गाभा ओला असतो, म्हणून पिशवीत भरण्याची घाई करू नये. खाऱ्या हवेत पोलादी हुक आणि कॅराबिनरच्या बिजागरीवर गंज धरतो. बिजागरी साफ करून थेंबभर वंगण द्यावे आणि जास्तीचे पुसून काढावे.

तपासणी मात्र नुसत्या नजरेने होत नाही. हातमोजे काढून दोर हातभर हातभर बोटांतून सरकवावा. एखादी जागा कडक लागली, चपटी झाली, चकाकली किंवा पोकळ वाटली, तर आत धागा भाजला वा तुटला आहे असे समजावे आणि दोर बाजूला काढावा. हुकाजवळची शिवण विशेष पाहावी. ही तपासणी संच हाती येताच, प्रत्येक वापरानंतर आणि ठरावीक मुदतीने करून, संचाचा क्रमांक व उत्पादनाच्या तारखेसह नोंदवहीत लिहावी.

खऱ्या सुटकेसाठी वापरलेला दोर पुन्हा कमरेला लावायचा नसतो. न वापरलेल्या दोरासाठीही बहुतेक उत्पादक 10 वर्षांची कमाल मुदत सांगतात. बाद दोराचे तुकडे करावेत, म्हणजे तो चुकून कप्प्यात परत जाणार नाही. पिशवी भरताना वेटोळे न घालता मोकळ्या टोकापासून दोर कोंबत जावा आणि हुक शेवटी वर यावा. वेटोळ्यांचा गुंता अंधारात सुटत नाही.

प्रश्न : आमची सोसायटी मुंबईत चौदा मजली आहे. प्रत्येक घरात असा संच ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये. ज्याने कधी दोरावर अंग सोडलेले नाही, त्याच्यासाठी खिडकी ही आगीपेक्षा मोठी जोखीम ठरू शकते. तो खर्च जिन्यावरची दारे नीट बंद होतील आणि जिन्यात ठेवलेली कपाटे, सायकली हटतील यावर करावा. 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंध कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. आपल्या सोसायटीचे शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचे आहे, ते आधी काढून पाहावे. जिना धुराने भरला असेल तर घरातच थांबून दाराची फट ओल्या कपड्याने बंद करावी, 101 वर मजला आणि घराचा क्रमांक सांगावा आणि रस्त्याकडच्या खिडकीतून कापड हलवून आपली जागा दाखवावी.