रोममध्ये ‘रोमन हॉलिडे’च्या जागा टिपताना

चित्रपटातलं दृश्य जिथे चित्रित झालं तिथेच उभं राहून तसाच फोटो काढायचा असेल, तर पहिल्याच खेपेला एकच चित्रपट धरा. ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) त्यासाठी उत्तम, कारण त्याच्या बऱ्याच जागा चालत गाठता येतात. निघण्यापूर्वी हव्या त्या दृश्यांचे स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये घ्या. चित्रपटाची चौकट जवळपास ४:३ आहे, म्हणून कॅमेराही ४:३ वर ठेवा. १६:९ वर काढलात तर वरचं-खालचं कापलं जातं आणि मग जुळवाजुळव होत नाही.

नवखे लोक इथेच चुकतात: उभं राहायची जागा न शोधता आधी झूम करतात. झूमने फक्त चौकट लहान-मोठी होते. जवळची आणि लांबची वस्तू एकमेकींपुढे कशा दिसतात, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. स्क्रीनशॉटमधला जवळचा कठडा आणि मागच्या इमारतीची कड पाहा. दोन्ही तशाच जुळेपर्यंत पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरका. झूम त्यानंतर.

चित्रपटात दिसणाऱ्या स्पॅनिश स्टेप्स, म्हणजे वरच्या चर्चकडे जाणाऱ्या रुंद पायऱ्या, पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी ऊन चर्चच्या मागून येतं, पायऱ्या सावलीत राहतात. ऊन हवं असेल तर दुपारनंतर जा. गर्दी नको असेल तर मात्र पहाटच बरी. पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून दंड होतो.

व्हिया मार्गुत्ता ५१ या पत्त्यावर चित्रपटातल्या पत्रकार नायकाचं घर आहे. त्याच्या आत लोक राहतात. फाटक बंद असेल तर बाहेरूनच फोटो घ्या, बेल वाजवू नका.

‘ला दोल्चे व्हिता’ या दुसऱ्या चित्रपटातला व्हिया व्हेनेतो हा रस्ता पुढच्या खेपेलाही जुळवायला जाऊ नका. तो रस्ता चिनेचित्ता स्टुडिओत उभारला होता.