दुसरीची मुलं धडाधड वाचतात, पण गोष्ट क्रमाने सांगता येत नाही

मॅडम, तुमची अडचण मला कळली ती अशी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, दुसरीची मुलं उतारा धडाधड वाचतात. पण चार चित्रकार्डं गोष्टीच्या क्रमाने लावायला सांगितली की कशीही लावतात, आणि ‘असं का लावलं?’ विचारलं की गप्प. यासाठी कोणत्या कृतिपत्रिका चांगल्या, असं तुम्ही विचारलंय. माझं मत असं, की कृतिपत्रिकांचं नंतर बघू. एक गोष्ट घडली म्हणून पुढची घडली, हे मुलाला दिसलं की क्रम लागतोच. ते दिसत नसेल तर मूल कार्डांचे रंग बघूनच ती लावणार.

पहिलं काम, नेमकं कुठे अडतंय ते शोधा. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली एक साधी मांडणी केली: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा ऐकून समजणं. हा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. म्हणून तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि मुलांना सांगायला लावा. ऐकून नीट सांगतात पण स्वतः वाचून सांगता येत नाही, अशा मुलांचं सगळं लक्ष अक्षरांत खर्च होतंय. त्यांना छोटा उतारा द्या, तोच पुन्हा पुन्हा वाचू द्या. ऐकूनही सांगता येत नसेल, तर अहिराणीत विचारा: ‘मंग काय व्हयनं?’ आपल्या भागात इथेच बऱ्याच मुलांचं तोंड उघडतं. गोष्ट त्यांना समजलेली असते, फक्त शाळेच्या मराठीत सांगता येत नसते. अशा मुलाला ‘आकलन नाही’ असा शेरा मारणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. आधी घरच्या बोलीत पूर्ण गोष्ट सांगू द्या, मग तीच तुम्ही मराठीत सांगा, मग कार्डं.

वेगाबद्दलही बोलते. निपुण भारत हे लहान मुलांच्या वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द हे लक्ष्य सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या लक्ष्यात ‘अर्थासह’ वाचन आहे, ते मात्र मागे पडतं. घड्याळ लावून वाचून घेतलं की मूल पूर्णविरामालाही थांबत नाही. वेग महिन्यातून एखाद्या वेळी मोजा, रोज नको.

आता प्रश्नांचं. आपण उताऱ्याखाली विचारतो त्यातले बहुतेक प्रश्न समजून न घेताही सुटतात. ‘टमूने घिबळी लुकवली. टमूने काय लुकवली?’ घिबळी! कोणतंही मूल बरोबर उत्तर देईल, अर्थ कुणालाच ठाऊक नाही. म्हणून उत्तर बरोबर आलं म्हणजे समजलं असं धरू नका. हा उतारा घ्या, मी वर्गासाठी असे स्वतःच लिहिते:

‘पमीची शेळी दोर तोडून शेजारच्या कपाशीत शिरली. पमी तिच्यामागे धावली. तिचे पाय चिखलाने भरले. शेळी बांधून ती घरी आली. आईला सांगण्याआधी तिने पाय धुतले.’

‘आधी काय झालं, पमीने आईला सांगितलं की पाय धुतले?’ असं विचारा. पुष्कळ मुलं ‘आईला सांगितलं’ म्हणतील, कारण कागदावर ते आधी आलंय. वाक्याचा क्रम आणि घटनेचा क्रम वेगळा असू शकतो, हे त्यांना माहीत नसतं. मराठीत क्रमाची खूण बहुतेकदा क्रियापदाच्या शेपटाला असते: ‘बांधून’, ‘तोडून’, ‘आल्यावर’, ‘सांगण्याआधी’. यातला ‘-ऊन’ अहिराणी मुलांना परका नाही, त्यांचं ‘बांधीसन’ तेच काम करतं. एकदा शेजारी ठेवून दाखवा, पटकन पकडतात. ‘-आधी’ला मात्र वेळ द्यावा लागतो. त्याला वाचण्यापेक्षा करणं बरं: ‘बसण्याआधी टाळी वाजव’, ‘दप्तर उघडल्यावर डोळे मीट’. मुलांना हा खेळ फार आवडतो.

मग कार्डं. पहिल्या आठवड्यात गोष्ट नकोच, घरातलं काम घ्या. भरीत घ्या: वांगी काड्यांवर भाजली, साल काढली, ठेचली, फोडणी दिली. आपल्याकडच्या मुलांनी हे शेतात बघितलेलं असतं. ‘साल आधी काढली तर?’ विचारलं की वर्ग हसतो, आणि कारणही सांगतो. पण तिथेच रेंगाळू नका. भरताला कृती असते, गोष्टीला कुणाची तरी इच्छा आणि अडचण असते. ‘पमीला काय हवं होतं? मध्ये काय आलं? मग तिने काय केलं?’ हे तीन प्रश्न प्रत्येक गोष्टीला विचारत राहा. माझ्या मते आकलनाचा निम्मा भार हेच तीन प्रश्न उचलतात.

कार्डं लावून झाली की दोन कार्डांची अदलाबदल करा आणि विचारा, ‘आता गोष्ट बिघडली का?’ शेळी बांधल्याचं कार्ड धावण्याच्या आधी ठेवलं तर बिघडते, आणि मूल सांगतं: बांधलेली असेल तर धावायचं कशाला! पण ‘शेजारचे काका ओरडले’ असं एक कार्ड वाढवलं, तर ते आणि पाय चिखलाने भरल्याचं कार्ड मागेपुढे चालतात. तिथे मुलाचं कारण पटलं तर ते बरोबर धरा. छापील कृतिपत्रिकेत एकच उत्तर असतं, आणि विचार करणाऱ्या मुलाला तिथे फुली मिळते. म्हणूनच मी त्या नंतर म्हणते. दोनेक महिने असं तोंडी काम झालं की कोणतीही चालेल.

रोजची सोय म्हणजे गैरहजर मुलं. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज कुणी ना कुणी नसतंच. काल न आलेल्या मुलाला कालची गोष्ट सांगायचं काम दुसऱ्या मुलाला द्या, आणि ऐकणाऱ्याला मध्येच ‘पण का?’ विचारायची मुभा द्या. ज्याला खरंच गोष्ट माहीत नाही त्याला सांगताना मूल काही गाळत नाही. बाईंना तर सगळं माहीतच आहे, म्हणून तुम्हाला सांगताना गाळतं.

वर्गात पावरी किंवा भिली बोलणारी मुलं असतील तर अहिराणीही त्यांना परकीच. तिथे चौथीतला त्यांच्याच पाड्यावरचा मुलगा किंवा मुलगी दहा मिनिटं बसवा. गोष्ट आधी त्यांच्या बोलीत होऊ द्या, तुम्ही फक्त चित्रांवर बोट ठेवत जा. पमीचा उतारा जसाच्या तसा वापरलात तरी चालेल, फक्त शेळीचं नाव मुलांनाच ठेवू द्या.