ओठांभोवतीची लाली आणि जळजळ मलमाने दोन दिवस थांबते, मग पुन्हा उसळते; काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की ओठांभोवती लाली आणि बारीक पुरळ आहे, मेडिकलमधून आणलेले मलम लावले की दोन दिवसांत त्वचा निवळते आणि मलम सोडले की पूर्वीपेक्षा जास्त उसळते. मी इंदूरमध्ये फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही; परंतु ही तक्रार घेऊन काउंटरवर येणारे पुष्कळ असतात आणि तुम्ही सांगितलेला क्रम वाचून माझा पहिला संशय त्या मलमावरच जातो.

ट्यूब उजेडात धरून बारीक अक्षरांतले घटक वाचा. त्यात क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन असे काही आढळले, तर ते स्टिरॉइड आहे. आपल्याकडे ते पुष्कळदा बुरशीनाशक आणि जंतुनाशक औषधांबरोबर एकाच ट्यूबमध्ये येते, त्यामुळे घेणाऱ्याला ते खाज-नायट्याचे साधे मलम वाटते. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून लाली झटकन उतरते. मात्र चेहऱ्याची त्वचा पातळ असल्याने तिथे ते दिवसेंदिवस लावत राहिल्यास पेरिओरल डर्मटायटिस नावाचा विकार जडू शकतो. त्यात तोंडाभोवती लालसर, बारीक पुळ्या येतात, कधी त्या नाकाच्या कडेने वरही चढतात, पण ओठाच्या काठाला लागून त्वचेची एक अरुंद पट्टी बहुधा कोरी राहते. ही पट्टी आरशात नीट पाहा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती सहज हाती पडतात, हे आमच्या धंद्याला शोभणारे नाही.

लाली थेट ओठाच्या काठापासूनच सुरू होत असेल, तर कारण वेगळे असू शकते. ओठ सतत चाटण्याची सवय, विशेषतः मुलांमध्ये आणि माळव्यातल्या कोरड्या थंडीत, ओठांभोवती लाल कडे उमटवते. तिथे साधी पेट्रोलियम जेली वारंवार लावणे आणि सवय मोडणे हाच उपाय. फक्त कोपरे चिरत असतील, तर बुरशी, सैल कवळी, लोह किंवा ब जीवनसत्त्वांची कमतरता यांचा शोध घ्यावा लागतो. नवी लिपस्टिक, दालचिनीच्या किंवा पुदिन्याच्या स्वादाची टूथपेस्ट, एवढेच काय, चोखून खाल्लेल्या आंब्याची सालही काहींना बाधते.

मलम थांबवल्यावर आरंभी लाली आणि आग वाढते, आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच घाबरून पुन्हा ट्यूब उघडतात. तुम्ही ते अनेक महिने लावत असाल, तर एकदम सोडण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. ते कधी सौम्य औषधावर आणून मग बंद करतात. एरवी कोमट पाण्याने चेहरा धुवावा आणि फाउंडेशन, जाड क्रीम व सुगंधी फेसवॉश काही आठवडे बाजूला ठेवावेत. पेट्रोलियम जेलीचा वर सांगितलेला उपाय चाटण्याच्या सवयीपुरता आहे. पुळ्यांवर तिचा जाड थर देऊ नये. हळद, लिंबू आणि बेसनाचा लेप चिडलेल्या त्वचेला आणखी चिडवतो. (हा सल्ला शेजारपाजारच्या मावशींना आवडत नाही, त्याला माझा इलाज नाही.)

पुरळ निवळायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. डॉक्टर गरजेप्रमाणे मेट्रोनिडाझॉलचे जेल किंवा पोटात घेण्यासाठी डॉक्सिसायक्लिन देतात; गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन सहसा टाळतात, त्यामुळे तशी शक्यता असल्यास आधीच सांगावे. आपल्या शहरात एम. वाय. रुग्णालयात त्वचारोगांची तपासणी होते. पाणीदार फोडांचे घोस किंवा मधासारख्या पिवळ्या खपल्या दिसल्या, तर संसर्गाची शक्यता असते. अशा वेळी स्टिरॉइड लावू नये आणि लवकर दाखवावे. ओठ अचानक सुजून श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर मात्र थेट आपत्कालीन विभाग गाठावा.