सतत हरणाऱ्या छोट्या फुटबॉल संघाचे बाहेरगावचे सामने बघायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की शिकायला मँचेस्टरला आलात, तिथल्या दोन मोठ्या क्लबांची तिकिटं मिळत नाहीत आणि मिळाली तरी परवडत नाहीत. म्हणून जवळपासचा एखादा खालच्या विभागातला संघ धरावा असं मनात आहे. पण जो संघ बहुतेक वेळा हरतो त्याच्यासाठी अख्खा शनिवार घालवून परगावी जायचं का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: जा. आणि जमलं तर घरच्या मैदानाच्या आधी परगावीच जा.

मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल अंगात लहानपणापासून, पण ‘बाहेरगावचा सामना’ ही गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, सगळ्या तालमी शाहू स्टेडियमवरच खेळायच्या. सामना संपला की दहा मिनिटांत घरी. 2016 मध्ये नोकरीसाठी रॉचडेलला आलो. या गावाचं नाव आपल्याकडे सहकाराच्या धड्यात येतं: 1844 साली इथल्याच टोड लेनमध्ये 28 जणांनी मिळून दुकान काढलं. मी धरलेला इथला फुटबॉल क्लब 1907 चा. मैदान स्पॉटलंड, रंग निळा आणि काळा.

या क्लबचा इतिहास कुणालाही हरखून टाकणारा नाही. 2023 पर्यंतच्या शंभरावर वर्षांत वरच्या विभागात बढत्या तीनच, 1969, 2010 आणि 2014. 1974 ते 2010 अशी सलग 36 वर्षं हा संघ फुटबॉल लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या चार विभागांच्या, तळाच्या विभागात होता, इतकी की त्या विभागालाच लोक रॉचडेल विभाग म्हणायचे. 1973-74 च्या मोसमात 46 सामन्यांपैकी जिंकले फक्त दोन. त्याच हिवाळ्यात देशात विजेची टंचाई होती, प्रकाशझोतात खेळायला बंदी होती, म्हणून केंब्रिजविरुद्धचा सामना फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी भर दुपारी ठेवावा लागला. प्रेक्षक आले 450. परगावी जाणाऱ्या आमच्या समर्थकांच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा त्या 450 मधले. शाळा बुडवून गेले होते. तोही सामना हरलाच. पण आजही सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की जणू चषक उचलताना पाहिलाय.

घरच्या सामन्याला तुम्ही गर्दीतले एक असता. आलात तरी चालतं, नाही आलात तरी कुणाच्या लक्षात येत नाही. परगावी मात्र तुमची मोजदाद होते, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. खालच्या विभागांत उत्तरार्धात कधीतरी ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकसंख्या सांगतात आणि त्यात पाहुणे किती तेही वेगळं सांगतात. शेकडो मैलांवर, मंगळवारच्या रात्री, पावसात, कुणीतरी ‘पाहुणे प्रेक्षक एकशे बारा’ असं म्हणतं आणि आपल्याच कोपऱ्यातून टाळ्या पडतात. त्या एकशे बारांत आपण आहोत ही जाणीव मला तरी दुसऱ्या कशातून मिळालेली नाही. सामना संपल्यावर खेळाडू आपल्या कोपऱ्याशी येतात. हरले असतील तर मान खाली असते, काही जणांना डोळ्याला डोळा देववत नाही. पण येतात. बावीस वर्षांचा, एका वर्षाच्या करारावर खेळणारा पोरगा तुमच्यापासून चार हातांवर उभा राहून टाळ्या वाजवतो, तेव्हा त्याच्यावर ओरडायची इच्छा राहत नाही. निदान माझी नाही राहत.

मला या संघाशी बांधलं ते मात्र एका घरच्या सामन्याने. जो थॉम्पसन नावाचा आमचा मध्यरक्षक दोनदा कर्करोगातून उठून पुन्हा मैदानावर आला होता. मे 2018 मध्ये मोसमाच्या शेवटच्या दिवशी चार्ल्टनविरुद्ध जिंकलो नाही तर खालच्या विभागात घसरण्याची भीती होती. थॉम्पसन बदली म्हणून उतरला आणि त्यानेच गोल केला. 1-0. आम्ही तिसऱ्या विभागात राहिलो. सात वर्षांनी, एप्रिल 2025 मध्ये, तो गेला. वय 36. त्या दिवशी मी ऑफिसात बसलो होतो आणि कुणाला काय सांगावं ते कळत नव्हतं. ज्यांना सांगितलं असतं तर कळलं असतं, ती सगळी बसमधली माणसं होती.

आता वाईट दिवसाबद्दल सांगतो, कारण तो तुमच्या वाट्यालाही येणार. 2021 मध्ये आम्ही तिसऱ्या विभागातून चौथ्यात आलो आणि एप्रिल 2023 मध्ये स्टॉकपोर्टला 1-0 हरून फुटबॉल लीगमधूनच बाहेर फेकले गेलो. 1921 पासूनचं नातं तिथे तुटलं. स्टॉकपोर्ट तुमच्या मँचेस्टरला लागूनच, त्यामुळे आमची माणसं झाडून आली होती. शेवटची शिट्टी वाजल्यावर कुणी शिव्या दिल्या नाहीत. आजोबा पायरीवर बसून राहिले. मी त्यांच्या शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी एवढंच विचारलं, पुढच्या मोसमात येणार ना? मी हो म्हणालो. पाचव्या विभागातून वर जायला तेव्हा 24 संघांत फक्त दोन जागा होत्या, म्हणजे हे ‘हो’ किती वर्षांचं आहे ते दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर 2024 मध्ये तर क्लब बंद पडायच्या दारात उभा होता. गावातल्याच ऑग्डेन कुटुंबाने तो घेतला आणि वाचला.

आता जायचं कसं ते. रेल्वेपेक्षा समर्थकांची बस घ्या. पहाटे निघते, रात्री उशिरा परत सोडते आणि परतीची काळजी राहत नाही. पहिल्या वर्षी मी मंगळवारच्या एका सामन्याला एकटाच रेल्वेने गेलो होतो. पावणेआठला सुरू होणारा सामना संपायला पावणेदहा होतात, आणि शेवटची गाडी त्याआधीच गेलेली. रात्र स्टेशनाबाहेरच्या बाकावर काढली. रेल्वेच बरी वाटत असेल तर विद्यार्थी म्हणून 16-25 चं रेलकार्ड आधी काढा, तिकीट एक तृतीयांशाने स्वस्त पडतं. निघण्यापूर्वी फोनवर मैदानाची पाहणी झाली का ते बघा. जानेवारीत जमीन गोठते, नोव्हेंबरात पाणी साचतं, आणि पंच सकाळी येऊन सामना रद्द करतात. बसमध्ये दारू नेऊ नका. सामन्याला जाणाऱ्या बसमध्ये ती 1985 पासून कायद्यानेच बंद आहे.

कपड्यांची हयगय करू नका. या विभागांत पाहुण्यांना बऱ्याचदा पायऱ्यांवर उभं राहावं लागतं, कधी डोक्यावर छप्परही नसतं. हार्टलपूलला उत्तर समुद्रावरून येणारा वारा दोन स्वेटर भेदून जातो. गेट्सहेडचं मैदान मुळात धावण्याच्या शर्यतींचं, त्यामुळे मधल्या ट्रॅकपलीकडे खेळाडू इतके लांब की गोल कुणी केला ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. जाड मोजे घाला, दोन जोड.

शाकाहारी असाल तर उपाशी राहाल ही भीती काढून टाका. लँकशरमध्ये चीज आणि कांद्याचा ‘पाय’ (पिठाच्या भाजलेल्या आवरणात सारण भरलेला पदार्थ) बहुतेक मैदानांवर मिळतो, गरम आणि पोटभरीचा. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स नावाच्या क्लबच्या मैदानावर तर सगळं जेवणच वनस्पतीजन्य, दूधसुद्धा जनावराचं नाही. डोंगरावरचं छोटंसं मैदान आहे, आजूबाजूला हिरवळ. पहिलाच प्रवास तिकडचा झाला तर फार छान.

आणखी एक. जिंकतो तेव्हा काय होतं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार महिन्यांत एकदा परगावी जिंकलो की परतीच्या बसमध्ये कुणी झोपत नाही. रात्री अकराला महामार्गावरच्या विश्रांतिस्थानात सत्तरीतली माणसं चहाचे कप हातात धरून तोच गोल एकमेकांना परत परत सांगत असतात, चेंडू कुठून आला, कुणाच्या पायाला लागला. दर आठवड्याला जिंकणाऱ्या संघाच्या माणसांना मी असं कधी पाहिलेलं नाही.

रॉचडेलच धरा असा आग्रह नाही. ऑल्डम, बरी (Bury), स्टॉकपोर्ट, या गावांचे क्लब सगळे तुमच्या टप्प्यात आहेत आणि सगळ्यांनी आपापले वाईट दिवस पाहिलेत. पण आलात आमच्याकडे, तर बसमध्ये मागच्या बाजूला बघा. कोल्हापूरहून आणलेल्या भडंगाचा डबा तिथे फिरत असतो. आजोबांना तो आता इतका आवडतो की बस गावाबाहेर पडायच्या आत मागून घेतात.