सट्टा, आडाखा आणि जर-तर

परभणी जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंचा प्रश्न आलाय. वाचनालयाला कुणीतरी नव्या इंग्रजी कादंबऱ्यांचा एक गठ्ठा भेट दिला. बहुतेकांच्या मलपृष्ठावर ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ असं छापलेलं आहे. मोबाईलवर भाषांतर करून पाहिलं तर ‘सट्टा कथा’ आलं. पुस्तकं विज्ञानकथेच्या कपाटात ठेवली, तर एका जुन्या वाचकाने परत आणून दिली: ‘यात विज्ञान कुठंय?’ आता वेगळा कप्पा करायचाय आणि रंगारी पाटीसाठी थांबलाय. पाटीवर काय लिहू?

ताई, मोबाईलचं उत्तर हसून सोडून देऊ नका. ते चुकलंय, पण का चुकलं हे कळलं की अर्धं काम होतं.

आपल्याकडे सट्टा म्हटलं की मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार आठवतो. तूर आज पडत्या भावाने घेऊन ठेवायची, दोन महिन्यांनी चढेल या हिशेबावर. इंग्रजीत या व्यवहाराला आणि ‘असं असेल का?’ म्हणून पुढचा विचार करण्याला एकच शब्द आहे, ‘स्पेक्युलेशन’. त्याचं मूळ लॅटिन ‘स्पेक्युला’, म्हणजे टेहळणीचा बुरूज. धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गावर उपळी बुरूज आहे ना, तसा. वर चढायचं ते खाली उभ्या माणसाला अजून दिसत नाही ते पाहण्यासाठी. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला रानात मचाण बांधतात, तिथला राखणदार करतो तेही हेच. व्यापारी भाव टेहळतो, तत्त्वज्ञ जग टेहळतो. ‘पाहणे’ या अर्थाच्या त्याच धातूतून आरशासाठीही लॅटिन शब्द आला, ‘स्पेक्युलम’. लांबचं दाखवणारा बुरूज आणि आपलं तोंड आपल्याला दाखवणारा आरसा अशी ही भावंडं. या जातीच्या चांगल्या कादंबऱ्या दोन्ही कामं करतात. भाषांतर करणाऱ्या यंत्राने त्यातला व्यापाऱ्याचा अर्थ तेवढा उचलला.

साहित्यात ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ हा शब्द तसा जुना आहे. एडवर्ड बेलामीच्या भविष्यातल्या समाजावरच्या कादंबरीविषयी लिहिताना 1889 मध्ये एका अमेरिकी मासिकाने तो वापरला होता. रूढ झाला तो अमेरिकी विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइनमुळे. 1947 च्या एका लेखात त्यांनी म्हटलं की यंत्रांचं कौतुक सांगणाऱ्या गोष्टींपेक्षा, नव्या परिस्थितीत माणसं कशी वागतील हे सांगणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पुढे कॅनडाच्या कादंबरीकार मार्गारेट अॅटवुड यांनी हा शब्द आपल्या पुस्तकांसाठी आग्रहाने धरला. त्यांचं म्हणणं, परग्रहावरचे प्राणी ही एक गोष्ट आणि खरोखर घडू शकेल ते लिहिणं ही दुसरी. 1985 च्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये माणसांनी कुठे ना कुठे, कधी ना कधी केलेलं नाही असं काहीच घातलं नाही, असं त्या सांगतात. आज मात्र प्रकाशक हा शब्द छत्रीसारखा उघडतात आणि विज्ञानकथा, जादूचं जग, पर्यायी इतिहास, उद्याचं भयाण राज्य सगळं तिच्याखाली घेतात. म्हणून मराठी शब्द निवडताना आपण अॅटवुडबाईंची बाजू घेतो की प्रकाशकांची, हे आधी ठरवावं लागतं. तुमचा कप्पा वाचकांसाठी आहे आणि गठ्ठ्यात जादूही आहे, तेव्हा छत्रीच धरू.

आता मराठीतले उमेदवार पाहू. ‘काल्पनिक कादंबरी’ लगेच बाद, कारण कुठली कादंबरी काल्पनिक नसते? ‘तर्ककथा’ म्हटलं की न्यायशास्त्र आठवतं. ‘संभवकथा’ कानाला गोड आहे आणि अॅटवुडबाईंना आवडला असता, पण त्यात असंभवाला दार बंद. ‘आडाखा’ मला मनापासून आवडतो. पावसाचे आडाखे बांधणारी माणसं आपल्या गावोगावी आहेत. आडाख्यात अंदाज असतो तसा हिशेबही असतो, वाऱ्याची दिशा असते, मुंग्यांची रांग असते. पण आडाखा नेहमी पुढच्या काळाचा. होऊन गेलेल्या गोष्टीचा आडाखा कुणी बांधत नाही, आणि या कादंबऱ्या मागच्या काळातही शिरतात.

‘विज्ञानकथा’ हा शब्द आपण कमावलेला आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली आणि बक्षीस घेऊन गेली. तो लेखक म्हणजे आद्याक्षरं उलटी करून लिहिणारे जयंत विष्णु नारळीकर. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने या शब्दाला इतकी स्वच्छ शिस्त लावली की विज्ञान नसलेलं पुस्तक त्या कपाटात दिसलं की वाचकाला फसल्यासारखं वाटतं. तुमचा तो जुना वाचक बरोबर आहे. पण खुद्द नारळीकरांचीच एक कथा घ्या. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. त्या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं, कारण विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून जाते. शेवटी कथेत विज्ञानाचं स्पष्टीकरण येतं, हे खरं. वाचक मात्र धावतो तो ‘पानिपत जिंकलं असतं तर?’ या प्रश्नामागे.

राहिला ‘अद्भुत’. नवरसांतला रस, स्थायीभाव विस्मय. याहून भारदस्त कुळ कुणाचं असेल? अडचण इतिहासाची आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ‘मुक्तामाला’च्या (1861) वळणाच्या कादंबऱ्यांना आपल्या वाङ्मयेतिहासात ‘अद्भुतरम्य’ म्हणतात, आणि त्या शब्दात एक नापसंती मुरलेली आहे. वास्तवापासून पळ काढणारं ते अद्भुतरम्य, अशी. ती नापसंती मला अन्यायाची वाटते. ‘कादंबरी’ हा शब्द कुठून आला ते पाहिलं तर तुम्हालाही वाटेल.

हिंदी-बंगालीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा, तेलुगूत नवला. आपण आणि कानडी मंडळी मात्र कादंबरी म्हणतो. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत गद्यकथेच्या नायिकेचं नाव आपण एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराला दिलं. त्या कथेत काय आहे? राजाच्या दरबारात बोलणारा पोपट येतो आणि आपली कहाणी सांगतो. चंद्र माणसाचा जन्म घेतो, प्रेमिक मरतात, पुन्हा जन्मतात, एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणजे ‘वास्तववादी कादंबरी’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला दुसरा शब्द पहिल्याला आतून हलवत असतो.

आणि बाणाला हे कथानक मिळालं ते गुणाढ्याच्या बृहत्कथेतून, असं अभ्यासक मानतात. गुणाढ्य कुठला? प्रतिष्ठानच्या सातवाहनाच्या पदरी असलेला. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. मूळ बृहत्कथा हरवली. तिच्या जन्माची कहाणी काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितली आहे. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तिची सुरुवातच शब्दाच्या एका चुकीने होते.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याचा मारा सोसेना म्हणून एक राणी म्हणाली, ‘मोदकैः’ मारा. तिला म्हणायचं होतं ‘मा उदकैः’, पाण्याने नको. राजाने ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी सोडवला नाही आणि मोदक मागवले. राणी हसली. लाजलेल्या राजाला संस्कृत शिकायचं झालं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली की हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडेन. शर्ववर्म्याने जमवलं. तिन्ही भाषा गेल्या, म्हणून गुणाढ्याने विद्याधरांच्या, आकाशातून जाणाऱ्यांच्या, सात लाख श्लोकांच्या कथा ‘पैशाची’ म्हणजे पिशाचांच्या भाषेत स्वतःच्या रक्ताने लिहिल्या. राजाने त्या नाकारल्या. मग तो डोंगरावर अग्निकुंड पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेलं पान जाळू लागला. ऐकताना जनावरं चरायची विसरली. राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली, राजा धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या एका लाखातून पुढचं सगळं आलं.

तर ताई, तुमचा गठ्ठा इंग्रजीतला असला तरी कप्पा परका नाही. या गावाहून पैठण फार लांब नाही.

मग शब्द कोणता? मला तो शाळेच्या व्याकरणात सापडतो. क्रियापदाचे अर्थ आपण पाठ केले होते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. संकेतार्थाचं नेहमीचं उदाहरण पावसाचंच असतं. मराठवाड्यातल्या पोराला ते पाठ करावं लागत नाही. पारावर बसलं की कानावर पडतंच. ‘मिरगात पडला असता तर मूग हाती लागला असता.’ या एका वाक्यात न घडलेलं एक जग उभं आहे. त्यात पेरणी वेळेवर झालीय, मुगाचे पैसे आलेत आणि एखादं लग्नही उरकलंय. बोलणाऱ्याला ते जग घडलं नाही हे पक्कं ठाऊक आहे, तरी त्याचा हिशेब तो चोख मांडतो. सॅम्युएल डिलेनी या अमेरिकी कादंबरीकाराने 1960 च्या दशकाच्या अखेरीस नेमकं हेच सांगितलं. साहित्यप्रकारांतला फरक त्याने विषयांवरून नाही लावला, वाक्याच्या अर्थावरून लावला. बातमी सांगते ‘हे घडलं’, वास्तववादी कथा सांगते ‘हे घडू शकलं असतं’, जादूची कथा ‘हे घडूच शकत नाही’ आणि विज्ञानकथा ‘हे घडलेलं नाही’. तो व्याकरणाच्या वाटेने तिथे पोचला. आपल्या पारावर ती वाट रोजच्या पायाखालची आहे.

‘संकेतकथा’ म्हणावं का? नको. संकेत म्हटलं की खूण आणि संकेतस्थळ डोक्यात येतं. माझं मत सरळ ‘जर-तर’.

यावर आक्षेप येईल, तो मीच मांडतो. ‘जर-तरला काही अर्थ नसतो’ असं आपण झटकून टाकतो, तर हा शब्द तुच्छतेचा नाही का? वर्तमानपत्राचं क्रीडापान उघडा. तिथे ‘उपांत्य फेरीसाठी जर-तरचं गणित’ असतं: हे हरले, ते इतक्या धावांनी जिंकले, तिकडे पाऊस आला, तर. त्यात तुच्छता नाही, काटेकोर हिशेब आहे. एक ‘जर’ मान्य करायचा आणि त्याचे सगळे ‘तर’ प्रामाणिकपणे भरायचे, हाच या कादंबऱ्यांचा करार. जो लेखक ‘जर’ चमकदार घेतो आणि ‘तर’मध्ये कुचराई करतो, त्याचं पुस्तक माझ्याच्याने पुरं होत नाही.

तुम्ही पाठवलेल्या गठ्ठ्यातल्या पुस्तकांच्या यादीवर शब्द घासून पाहिला. आर. एफ. क्वांग यांची ‘बेबेल’ (2022): 1830 च्या दशकातलं ऑक्सफर्ड, चांदीच्या कांबीवर दोन भाषांतले समानार्थी शब्द कोरायचे, भाषांतरात जो अर्थ निसटतो तो चांदीतून प्रत्यक्ष घडतो आणि त्या बळावर साम्राज्य चालतं. जर भाषांतरातली गळती हीच ऊर्जा असती, तर ती कुणाच्या भाषा पिळून काढली असती? शब्दांवर जीव असलेल्या कुणालाही ही कादंबरी द्या. लावण्या लक्ष्मीनारायण यांच्या ‘द टेन पर्सेंट थीफ’मध्ये उद्याचं बंगळूर आहे, जिथे कंपनी माणसांची उत्पादकता मोजून वरचे, मधले आणि तळाचे दहा टक्के ठरवते. गौतम भाटिया हे राज्यघटनेचे अभ्यासक. त्यांच्या ‘द वॉल’मध्ये (2020) एका शहराभोवती भिंत आहे आणि शतकानुशतकं कुणी तिच्याबाहेर गेलेलं नाही. ‘जर-तर’ दोघांनाही बसतो.

श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकरा यांच्या ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’वर (2023, नेब्युला पुरस्कार) जरा थांबतो, कारण तिची किल्ली आपल्याकडे आहे. नायकाचं नाव ‘फेटर’, म्हणजे बेडी, बंधन. जन्मताच आई त्याची सावली खिळ्याने जमिनीला ठोकून तोडून काढते आणि त्याला वाढवते ते संत झालेल्या बापाला मारण्यासाठी. परदेशी वाचकाला नाव विचित्र वाटेल. आपल्याकडे बुद्धचरित्र घरोघर वाचलं जातं. पुत्रजन्माची वार्ता ऐकून सिद्धार्थ म्हणाला, ‘राहुल जन्मला, बंधन जन्मलं’, हे ठाऊक असलेल्याला पहिल्याच पानावर काळजात हलतं. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात यशोधरा राहुलला पुढे करून भिक्षापात्र घेतलेल्या बुद्धासमोर उभी आहे. त्या चित्रातल्या मुलाच्या बाजूने ‘जर’ विचारला तर? हे पुस्तक तुमच्या वाचनालयात पडून राहू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि एक ‘जर’ अजून कुणी मराठीत पुरता मांडावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानावर पोलीस कारवाई झालीच नसती, तर आज परभणीच्या शाळेत मुलं कोणत्या भाषेत जर-तरची वाक्यं लिहीत असती?

आता पाटी. मोठ्या अक्षरांत ‘जर-तरच्या कादंबऱ्या’ आणि खाली बारीक ‘अद्भुत, पर्यायी इतिहास, उद्याचं जग’. विज्ञानकथांचं कपाट हलवू नका, शेजारी राहू द्या. दाखल नोंदवहीत मात्र ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ असंच देवनागरीत लिहा, म्हणजे पुढे यादीशी ताळा जमेल. रंगाऱ्याला जर आणि तर यांमधली आडवी रेघ आठवणीने घालायला सांगा. ‘जरतरच्या’ असं सलग लिहिलं, तर पैठणीच्या या मुलुखात कुणीही ते जरतारीच्या असं वाचेल.