प्रश्न तुमचे: शाळेच्या दप्तरातली मुलांची माहिती

वर्गाच्या पालक-ग्रुपवर मी गुणतक्त्याची एक्सेल फाइल टाकली. पत्ता, फोन आणि आजारपणाचे रकाने आधी लपवले होते, तरी एका पालकांना ते दिसले. असं कसं झालं? आता काय करू? (एक वर्गशिक्षिका)

रकाना लपवला की तो डोळ्यांआड जातो, फाइलमधून जात नाही. शेजारचे दोन रकाने निवडून 'अनहाइड' म्हटलं की तो परत हजर. फिल्टर लावून झाकलेल्या ओळींचंही तसंच. पिव्होट टेबल, म्हणजे यादीचा सारांश दाखवणारा तक्ता, याहून फसवं: समोर नुसत्या बेरजा दिसतात, पण मूळ यादीची प्रत फाइलच्या पोटात राहू शकते. तशी ती राहिली असेल, तर बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक करताच त्यामागची नावं नव्या शीटवर उघडतात.

आधी झालेलं निस्तरू. फाइल सर्वांसाठी डिलीट करा, पण ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांच्याकडे ती राहणार हे धरूनच चाला. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा: फाइल किती वाजता टाकली, किती वाजता काढली, ग्रुपमध्ये किती जण होते, कोणते रकाने होते, किती मुलांची माहिती होती. ज्यांच्या आजारांची नोंद त्यात होती, त्या मुलांच्या पालकांना सगळ्यांत आधी फोन करा. ही गोष्ट त्यांना दुसऱ्या पालकाकडून कळणं फार वाईट. आणि उशीर करू नका. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अशी माहिती फुटल्याचं कळल्यापासून, धोका नगण्य नसेल तर, 72 तासांत नियामकाला कळवावं लागतं. तुमच्याकडे काय मुदत आहे ते मुख्याध्यापकांनी लगेच पाहावं.

पुढच्या वेळी कोरी फाइल उघडा, हवा तो रकाना एकेक करून कॉपी करा आणि 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त 'व्हॅल्यूज' चिकटवा. मग 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज' या वाटेने 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. मात्र गुण ग्रुपवर टाकूच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहिला तरी कोणाचा क्रमांक कोणता हे अख्ख्या वर्गाला पाठ असतं.

शाळा सोडून गेलेल्या मुलांचे कागद किती वर्षं ठेवायचे? (कार्यालयातील लिपिक)

सगळ्या कागदांना एकच मुदत लावू नका. प्रवेश-नोंदवही आणि अंतिम निकाल दीर्घकाळ लागतात. माजी विद्यार्थी तीस वर्षांनीही दाखला मागायला येतो. पण फी-सवलतीसाठी घेतलेले उत्पन्नाचे पुरावे, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, सहलीच्या वेळची औषधांची यादी यांचं काम संपलेलं असतं. एक तक्ता करा: कागद कोणता, कशासाठी घेतला, कोण पाहू शकतं, कधीपर्यंत ठेवायचा, कसा नष्ट करायचा. मुदतीचा रकाना तुमच्याकडच्या नियमांवरून भरा.

जुनं साठवण्याची किंमत पॉवरस्कूल या, शाळा विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवण्यासाठी वापरतात त्या संगणक-प्रणालीच्या बाबतीत दिसली. डिसेंबर 2024 मध्ये चोरलेल्या लॉगिनने कोणीतरी तिच्या ग्राहक-सेवा पोर्टलमधून आत शिरलं. ती वापरणाऱ्या कॅनडातल्या टोरोंटोच्या शाळा मंडळाला तेव्हा पार 1985 पासूनच्या विद्यार्थ्यांना सावध करावं लागलं.

नष्ट करताना कागद आडवे-उभे कापणाऱ्या श्रेडरमध्ये घाला. नुसत्या लांब पट्ट्या पुन्हा जुळवता येतात. रद्दीत तर देऊच नका. संगणकावरून काढलेली फाइल बॅकअपमध्ये, ईमेलच्या 'सेंट' फोल्डरमध्ये आणि शिक्षकांच्या पेनड्राइव्हवर उरते, म्हणून तिथेही पाहा.

शाळा चेहऱ्यावरून हजेरी घेणार आहे आणि संमतीपत्रावर सही मागते आहे. द्यावी का? (एक पालक)

आधी विचारा की हेच काम हाक मारून का होत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, मुलाचा चेहरा बदलता येत नाही. स्वीडनमधल्या शेलेफ्तेओ इथल्या एका शाळेने 22 विद्यार्थ्यांवर तीन आठवडे असा प्रयोग केला. 2019 मध्ये तिथल्या नियामकाने नगरपालिकेला 2 लाख क्रोनर दंड ठोठावला. संमती घेतली होती, पण ती ग्राह्य धरली गेली नाही, कारण विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो. त्याचा होकार मोकळ्या मनाचा मानता येत नाही.

तेव्हा लेखी विचारा: नकार दिला तर हजेरीची दुसरी सोय काय? चेहऱ्याचे साठवलेले नमुने शाळेत राहतात की यंत्रणेच्या पुरवठादाराकडे? मुलाने शाळा सोडल्यावर ते किती दिवसांत पुसले जातात? पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल तर सही करू नका.

फोनवर "मी अमक्याचा बाबा" म्हणून कोणी मुलाचा पत्ता किंवा सुटण्याची वेळ विचारली तर? (शाळेच्या फोनवर बसणारी कर्मचारी)

काही सांगू नका. "मी तुम्हाला परत फोन करते" म्हणून ठेवा आणि शाळेच्या नोंदीतल्या क्रमांकावर लावा, समोरच्याने नुकताच दिलेल्या क्रमांकावर नाही. जन्मतारीख अचूक सांगितली म्हणून विश्वास ठेवू नका. ती नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. आईवडिलांमध्ये ताब्याचा वाद असेल, तर कोणाला काय सांगायचं हे त्या मुलाच्या नोंदीवर ठळक लिहिलेलं हवं, आणि ती नोंद फोन उचलण्याआधी तुमच्या हाताशी हवी.