‘कॅन लीड टू’ आणि ‘मे लीड टू’ यांत नेमका फरक काय?

तुमचा प्रश्न असा की आरोग्याच्या पत्रकांत कधी ‘कॅन लीड टू’ लिहितात, कधी ‘मे लीड टू’. मराठीत दोन्हींचं ‘होऊ शकतं’ होतं, मग दोन कशाला?

आधी नुसतं ‘लीड टू’ बघा. चेंडू लागून काच फुटली तर तिथे हे क्रियापद कोणी वापरत नाही. कारण आणि परिणाम एकमेकांना चिकटलेले असतात. ‘लीड टू’ला मध्ये थोडा रस्ता लागतो. मधुमेहाकडे दुर्लक्ष झालं, साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या आणि शेवटी दृष्टी गेली. अशा साखळीला ‘कॅन लीड टू ब्लाइंडनेस’ म्हणतात.

आता ‘कॅन’. असं घडतं हे माहीत आहे, फक्त प्रत्येकाच्या बाबतीत घडेलच असं नाही. ‘मे’मध्ये बोलणाऱ्याचीच खात्री कमी असते. मराठीत हा फरक मी ‘शक्यता असते’ आणि ‘शक्यता आहे’ असा पकडतो: उपचार न केल्यास अंधत्व येण्याची शक्यता असते, या रुग्णाची दृष्टी जाण्याची शक्यता आहे. अर्थात पत्रकं लिहिणारे इतकं काटेकोर लिहितातच असं नाही, दोन्ही सर्रास अदलाबदलीने येतात. ‘कुड’ आलं तर आणखी एक पायरी खाली उतरा.

एका शब्दाला किती वजन असतं ते अमेरिकेतल्या सिगारेटच्या पाकिटांवर दिसतं. 1966 पासून त्यांवर छापलं जाई की धूम्रपान आरोग्यास घातक ‘मे बी’, म्हणजे असू शकतं. 1970 मध्ये तिथे ‘इज’ आलं. 1984 च्या कायद्याने ठरवलेल्या इशाऱ्यांपैकी एकात तर दोन्ही सूर एकाच वाक्यात आहेत: धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, तिथे ठाम ‘कॉजेस’, गरोदरपणात गुंतागुंत मात्र ‘मे’. आपल्याकडच्या आरोग्यविषयक बातम्यांत बरोबर हाच ‘मे’ मथळ्यापर्यंत पोचता पोचता गळतो. मूळ अभ्यास ‘संबंध असू शकतो’ म्हणतो आणि मथळा ‘यामुळे हा आजार होतो’ असं ठोकून देतो. मला याची भयंकर चीड आहे.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. या ‘टू’नंतर नाम येतं किंवा ‘आयएनजी’ लागलेलं रूप: ‘लीड टू लूझिंग वेट’ बरोबर, ‘लीड टू लूझ वेट’ चूक. आणि भूतकाळी ‘लेड’ लिहिताना मधलं ‘ए’ अक्षर काढायचं, नाहीतर वाचणारा त्याला वर्तमानकाळ समजेल, नाहीतर शिसं. परिणाम होऊन गेला असेल तर नुसतं ‘लेड टू’ लिहा, ‘कॅन’-‘मे’ची गरज नाही.